टोकन दिलं नाही
परदेशात घर घ्यायचं म्हणजे एजंट किती छळतात! आज जो फ्लॅट बघायचा होता तो "कालच गेला" म्हणे. जाहिरात मात्र अजून झळकतेय. दुसरा दाखवला आणि लगेच घाई, "आत्ताच टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." मालकीचा उतारा मागितला तर अर्धवट झेरॉक्स पुढे केली, बोज्याचं पानच गायब. म्हणजे घरावर कर्ज असलं तर निस्तरायचं आम्ही! वर मुखत्यारपत्र त्याच्याच नावे करा म्हणाला. फार संताप आला. विक्रेत्याकडून कमिशन घेणारा माणूस आपली बाजू कशी बघेल? आता आमचाच वकील नोंदणी कार्यालयातून ताजा उतारा काढतोय. तो हातात आल्यावरच पुढचं बोलणं, आणि पैसे जातील ते एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत ते तिसऱ्याच्या ताब्यात राहतील.