लिंगाणा : सुळक्याइतकीच तयारी नाळेचीही करा

लिंगाण्याविषयी जे सांगितले जाते ते बहुतेक सुळक्याचे असते, आणि तिथे पोहोचण्यासाठी उतरावी लागणारी बोराट्याची नाळ, म्हणजे कड्यांमधली उभ्या उताराची दगडांनी भरलेली घळ, हिची बोळवण ‘थोडी उतरण’ एवढ्या शब्दांत होते. आमच्या आयोजकांनीही तेच सांगितले. ही दिशाभूल आहे, कारण या मोहिमेतला सर्वांत धोकादायक टप्पा नाळच आहे.

तोरणा आणि रायगड यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून खिंडीने तुटलेला हा बेसाल्टचा सुळका समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच आहे. मोहरी गावाजवळच्या रायलिंग पठारावरून तो अगदी समोर दिसतो. मात्र मध्ये खोल दरी असल्यामुळे नाळेतून उतरून, मग कड्याच्या पोटातून आडवे जाऊन खिंड गाठावी लागते.

दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून सुटलेले धोंडे नाळेत साचतात आणि दर पावसाळ्यात पाण्याने जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबता येत नाही. पुढच्या गड्याचे वजन पेललेला एक धोंडा माझा पाय पडताच कलंडला आणि त्याखालचे मुठीएवढे दगड खालच्या सोबत्यांच्या दिशेने खडखडत गेले. शुल्कात धरलेली हेल्मेटे आम्हाला खिंडीत पोहोचल्यावर वाटण्यात आली. हे अक्षम्य आहे. हेल्मेट नाळेच्या तोंडाशीच चढवा, एक गट आडोशाला पोहोचेपर्यंत दुसऱ्याने उतरू नये आणि शनिवार-रविवार कटाक्षाने टाळा, कारण डोक्यावर दुसरा गट असणे हाच तिथला मोठा धोका आहे. पुढच्या आडव्या वाटेवर घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी माती-खडी आहे. तिथे दोर लावण्याचा आग्रह धरा.

सुळक्याची चढाई मात्र अप्रतिम आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा कातळ घडला असल्याने कठीण थरांचे सरळ कडे आणि मऊ थर झिजून झालेल्या अरुंद पट्ट्या आलटून पालटून येतात. दम खायला जागा मिळते ती या पट्ट्यांवरच. वाटेत कातळात खोदलेली गुहा लागते आणि माथ्यावरून समोर रायगड दिसतो, तेव्हा सारा शीण उतरतो.

तरीही माथ्यावर रेंगाळू नका. थकल्या पायांनी तीच नाळ चढून मोहरीला यायचे असते, म्हणून दुपारी किती वाजता माघारी फिरायचे ते निघण्यापूर्वीच ठरवा आणि दोराशी रांग असली तरी ती वेळ पाळा.