सोडायचाच आहे तर पकडता कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

मी हिमाचलमध्ये कुल्लूकडच्या तीर्थन नदीवर लोकांना फ्लाय फिशिंगला नेते, म्हणजे फ्लाय (नकली किडा बांधलेला हुक) वापरून ट्राउट मासा धरायला. वरचा प्रश्न मला अलिबागला घरी विचारतात, ठाण्याच्या मैत्रिणी विचारतात, ट्रिपची चौकशी करायला फोन केलेले लोक विचारतात आणि आई तर सीझन जवळ आला की विचारतेच. मासा पकडायचा, हुक काढायचा, परत पाण्यात सोडायचा, मग पकडायचा कशाला? आजवर मी समोरचा माणूस बघून उत्तर द्यायचे, आणि ते बहुतेक वेळा अर्धंच असायचं. आता एकदा सगळं सांगते, पटलं नाही तरी चालेल पण निदान अर्धं ऐकून मत बनवू नका.

आईचं म्हणणं साधं आहे, मासा खायचा असेल तर धरावा, नाहीतर त्याच्या जिवाशी खेळू नये. आमच्या घरात मासा म्हणजे ताटातलाच, त्यामुळे तिला वेगळं काही वाटणं शक्यच नाही आणि खरं सांगते, तिच्या या वाक्याला तोडीस तोड उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दुसरीकडे पर्यावरणवाले मित्र. ते म्हणतात ब्राउन ट्राउट मुळात परदेशी मासा, इंग्रजांनी आपल्या हौशीसाठी आणलेला, काश्मीरमधून १९०९ साली कुल्लूत आला आणि इथल्या स्नो ट्राउटच्या खाण्यावर आणि जागेवर त्याने अतिक्रमण केलं, मग तू तो सोडतेस कशाला, मार ना! म्हणजे एकीने म्हणायचं धरू नको, दुसऱ्याने म्हणायचं सोडू नको. त्यांचा मुद्दा खोटा नाहीये. पण शंभरहून जास्त वर्षं हा मासा या पाण्यात स्वतःहून वाढतोय, आणि मी किंवा माझ्या पाहुण्यांनी चार मासे मारल्याने तीर्थन पुन्हा १९०९ च्या आधीची होणार नाही.

आता मी कशासाठी करते ते. गळ टाकून बसणं आणि हे, यात फार फरक आहे. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी सकाळी आधी दगड उलटायला लावते, कारण दगडाच्या खालच्या बाजूला कुठल्या किड्यांची पिल्लं चिकटलीत त्यावरून कुठली फ्लाय बांधायची ते ठरतं. मग पाणी वाचायचं, कुठे वेगवान धारेला लागून संथ पट्टा आहे, कुठल्या खडकामागे मासा कमी ताकदीत उभा राहून वरून वाहत येणारं खाणं टिपू शकेल. गुशैणी गावाच्या वरच्या बाजूला झाडं इतकी पाण्यावर आलीत की मागे लाइन फेकायला जागाच नसते, तिथे रोल कास्टच, म्हणजे लाइन मागे न नेता पुढेच वळसा देऊन टाकणं, करावा लागतो, आणि फ्लाय पाण्यासोबत नैसर्गिकपणे वाहिली नाही, जराशी जरी ओढली गेली तरी मासा ढुंकून बघत नाही. दिवसभरात एकही मासा न लागलेला माणूस संध्याकाळी मला नदीबद्दल जे प्रश्न विचारतो ते पुलावरून फोटो काढून जाणारे कधीच विचारत नाहीत. आणि याला महत्त्व आहे. खाली लारजीला बियासवर धरण आहे, आजूबाजूच्या कितीतरी नद्या बोगद्यात गेल्या, तीर्थन मोकळी राहिली कारण इथल्या बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांच्यासारखी माणसं आणि इथले गावकरी जलविद्युत प्रकल्पांच्या विरोधात उभे राहिले, आणि त्या भांडणात ट्राउटचाही मुद्दा होता. नदीत काहीतरी जिवंत आहे आणि त्यावर घरं चालतात हे दाखवता आलं की नदी वाचवायला बळ मिळतं.

हे सगळं मी पूर्वी छाती पुढे काढून सांगायचे. आणि त्याला जोडून एक वाक्य असायचं: नीट सोडला तर माशाला काही होत नाही.

मग तो ऑक्टोबरचा शेवट आला. नाशिकहून एक निवृत्त काका आले होते, कित्येक वर्षं मनात होतं म्हणाले, मुलांची शिक्षणं होईपर्यंत थांबलो. तीन दिवस एकही मासा नाही, कुरकुर नाही. चौथ्या दिवशी दुपारी नागिणी गावाजवळच्या एका डोहाच्या तोंडाशी त्यांच्या निंफला, म्हणजे किड्याच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या फ्लायला, मासा लागला, चांगला किलोभराचा. काकांचे हात थरथरत होते, पण त्यांनी सगळं मी सांगितलं तसंच केलं. फार दमवला नाही. हुकच्या टोकाला उलटा काटा नव्हताच, आम्ही तो आधीच चेपून टाकतो. रबराची जाळी, हात ओले, मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. आणि जाळीत बघते तर पाणी लाल. निंफ आत, थेट कल्ल्यात रुतली होती. हुक सहज निघाला पण रक्त थांबेना.

मी ती मासळी प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवली. पाणी इतकं गार की थोड्या वेळाने बोटं कळेनाशी झाली. एकदा शेपटी हलली, मी हात सैल केला, ती हातभर पुढे गेली आणि आडवी झाली. पुन्हा धरली. माझा इथला जोडीदार, बंजारचाच मुलगा, काठावरून म्हणाला, "दीदी, ये नहीं बचेगी, छोड़ दो." मी ऐकलं नाही. बराच वेळ तशीच धरून होते, कल्ले उघडायचे थांबले तरी.

काका दगडावर बसले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, आपण सगळं बरोबर केलं ना?" मी म्हटलं, हो काका, सगळं बरोबर केलं. ते खरं होतं, आणि मला छळतं ते हेच. काही चुकलं असतं तर ते सुधारता आलं असतं.

संध्याकाळी जोडीदाराने ती साफ केली. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं. थंडीत ती वर कुठेतरी बारीक खडीत खड्डा करून अंडी घालणार होती, त्यासाठीच तर १ नोव्हेंबरपासून मासेमारी बंद होते. आम्ही कायद्यात होतो, लायसन्स होतं, तारीख होती. तिला तव्यावर भाजली, सगळ्यांनी खाल्ली, मीही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बघ, आज निदान सरळ वागलीस. मला राग आला तिचा. अजूनही येतो, कारण त्या एका दिवसापुरतं तरी तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मी ट्रिप घेत नाही. पैसे बुडतात, बुडू देत. जूनमध्ये पाणी तापलं की दुपारी रॉड खाली, कारण कोमट पाण्यात दमलेला ट्राउट सावरत नाही. आणि "काही होत नाही" हे वाक्य बंद केलंय. बुकिंगच्या फोनवरच सांगते की बहुतेक मासे जगतात, एखादा मरू शकतो, तुमच्या हातून मरू शकतो, चालणार असेल तर या. काही जण फोन ठेवतात. एक मुलगी म्हणाली मी येते पण रॉड धरणार नाही, ती आली आणि दिवसभर दगड उलटत बसली, आणि तिला नदी कुणापेक्षा कमी कळली असं मी म्हणू शकत नाही.

मग सगळ्यांनी तसंच करावं, असं तुम्ही म्हणाल. मी स्वतःलाही म्हणते. पण लाइन ताणली जाते आणि पलीकडून काहीतरी जिवंत ओढतं, त्या क्षणाची ओढ मला आहे, नदी वाचवण्याच्या गोष्टींमागे ती लपवायची नाहीये. ती ओढ बरोबर की चूक ते मला ठरवता आलेलं नाही. १ मार्चला सीझन उघडतोय, लायसन्स काढायचंय, दोन रॉडचे गाइड (लाइन ओवायच्या कड्या) बदलायचेत, आणि पहिल्या आठवड्याचं बुकिंग मी घेतलंय.