भूजलात विरघळलेला नायट्रस ऑक्साइड

भूजलाचा नमुना घेताना नळी कुपीच्या तळाशी टेकवून पाणी काही वेळ ओसंडू द्यावे लागते आणि झाकण बसवल्यावर कुपी उलटी करून आत एकही बुडबुडा राहिलेला नाही, याची खात्री करावी लागते. एवढा काटेकोरपणा आवश्यक असतो, कारण पाण्यात विरघळलेला नायट्रस ऑक्साइड हवेशी संबंध येताच निसटू लागतो.

पिकांनी न घेतलेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते आणि जिथे प्राणवायू कमी असतो तिथले जिवाणू टप्प्याटप्प्याने त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. नायट्रस ऑक्साइड हा त्या वाटेवरचा अखेरच्या आधीचा टप्पा. थोडा प्राणवायू शिल्लक असला किंवा नायट्रेट फार झाले, की प्रक्रिया तिथेच अडते आणि वायू साचत जातो. पुढे हे पाणी उपशामुळे, झऱ्यातून किंवा नदीपात्रात वर आले, की तो वातावरणात मिसळतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे, शिवाय तो ओझोनच्या थरालाही झिजवतो.

झिरपलेल्या नायट्रोजनपैकी किती भाग भूजलामार्फत या रूपात हवेत जातो, याचा आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीचा) प्रमाणित दर १९९६ मध्ये १.५ टक्के होता, २००६ मध्ये तो ०.२५ टक्क्यांवर आला आणि २०१९ मध्ये ०.६ टक्के झाला. या चढउताराचे कारण मला खडकांच्या विविधतेत दिसते, आणि म्हणूनच एका सरासरी आकड्यापेक्षा प्रत्येक जलधराची (भूजल साठवणाऱ्या खडकाच्या थराची) स्वतंत्र, दीर्घकाळ चालणारी मोजणी मला अधिक मोलाची वाटते. आज झिरपलेले नायट्रेट कित्येक ठिकाणी काही दशकांनी पृष्ठभागावर येणार आहे.