मोटर पळाली तर?

यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करायला लागले तेव्हाची गोष्ट. पंपाच्या पुस्तिकेत ‘रन’ हा शब्द पाहिला आणि बिनधास्त लिहून टाकलं, ‘मोटर कोरडी पळू देऊ नका.’ तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं होतं: ‘पळालीच तर धरून कोण आणणार?’

तेव्हापासून ‘रन’ दिसला की माझा हात थबकतो. इंग्रजीत नाक, नळ, दुकान, ताप, नाटक, सगळंच धावतं. आपल्याकडे नाक वाहतं, नळ सोडतात, रंग जातो, ताप चढतो, वेळ संपते. रस्त्यात कुणाला ‘रन इंटू’ झालात तर गाठ पडते. ‘रन ओव्हर’ झालात तर मात्र गाडीखाली येता. निवडणुकीची तर वेगळीच गंमत. तिथे अमेरिकन माणूस धावतो, ब्रिटिश उभा राहतो. आपण उभेही राहतो आणि लढवतोही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९च्या आवृत्तीपर्यंत ‘सेट’चा मान पहिला होता, क्रियापदाचे चारशेहून जास्त अर्थ. नव्या आवृत्तीसाठी ‘रन’चं काम झालं तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. कोशकार पीटर गिलिव्हर त्या एका शब्दापाशी नऊ महिने बसले होते. मी एका पंपापाशी अडले, त्याचं मग फार वाईट वाटलं नाही.

यातले बरेच अर्थ यंत्रांमुळे वाढले. आणि यंत्राच्या बाबतीत इंग्रजी जिथे धावते, तिथे मराठी चालते! घड्याळ चालतं, पंखा चालतो, दुकान चालतं, नाटक चालतं, घरात कुणाचं तरी चालतं आणि बाकीच्यांचं चालत नाही. शिवाय ‘चालेल’ आहेच, त्यावर तर अख्खे संसार निभतात.

‘पळणे’ला आपल्याकडे जरा संशयाचा वास आहे. पळवाट, पळपुटा, पळून जाणं. घड्याळसुद्धा नीट असेल तर चालतं. बिघडलं की पुढे पळतं. ‘धावणे’ त्यामानाने सज्जन, ते मदतीला धावतं. क्रिकेटमध्येही आपण ‘धाव’च घेतली, ‘पळ’ नाही. चौकार मारून जागेवर उभ्या राहिलेल्या फलंदाजालाही चार धावा कशा मिळतात, हे मात्र दोन्ही भाषांनी निमूट चालवून घेतलंय.

पंपाचं वाक्य शेवटी असं गेलं: ‘पाणी नसताना मोटर चालवू नका.’