निकाल लागेपर्यंत पुस्तक कपाटातच

आम्ही राहतो त्या न्यू जर्सीतल्या गावात सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हायला वर्गणी नाही, अनामत नाही. घरपट्टीतला ठरावीक हिस्सा कायद्यानेच वाचनालयाला जातो. वाचनालय असं गावाच्या पैशावर चालत असल्याने तिथल्या पुस्तकावर हरकत घ्यायचा हक्कही गावकऱ्यांना आहे. त्यासाठी छापील अर्ज असतो. पुस्तक पूर्ण वाचलंत का, आक्षेप नेमका कशाला आहे, वाचनालयाने काय करावं असं तुम्हाला वाटतं, असे प्रश्न त्यात असतात. मग ग्रंथपाल ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतात आणि लेखी उत्तर देतात. ते पटलं नाही तर विश्वस्त मंडळाकडे दाद मागता येते.

यात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो एक नियम: निकाल लागेपर्यंत पुस्तक कपाटातच राहतं. नुसती तक्रार आली म्हणून ते आतल्या खोलीत जात नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी तेव्हाचे राज्यपाल फिल मर्फी यांनी सही केलेल्या ‘फ्रीडम टू रीड’ कायद्याने हे राज्यभर पक्कं केलं. लेखक कोण आहे, त्याची मतं काय आहेत, एवढ्यावरून पुस्तक काढता येत नाही. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या ग्रंथपालावर खटलाही भरता येत नाही. हे शेवटचं कलम वाचून आधी वाईट वाटलं. पुस्तकं देणाऱ्या माणसाला कायद्याचं संरक्षण लागावं, अशी वेळ इथे आली आहे.

हा झगडा जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीत ऑगस्ट १९३९मध्ये जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’वर शाळांत आणि वाचनालयांत बंदी आली. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांची ही कादंबरी, आणि ते मजूर राबत होते याच काउंटीतल्या शेतांवर. बड्या शेतमालकांना ती झोंबली. काउंटीच्या ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांची नोकरी बंदी घालणाऱ्यांच्याच हातात होती. तरीही त्यांनी पत्र लिहून कळवलं, की पुस्तकावर बंदी घातल्याने विचार मरत नाहीत. बंदी उठली ती जानेवारी १९४१मध्ये. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने वाचनालयांची हक्कांची सनद स्वीकारली तीही १९३९ सालीच.

आज ‘पालकांना काळजी वाटते’ असं कारण नेहमी पुढे केलं जातं. मीही पालक आहे. माझ्या मुलीने काय वाचावं हे मी तिच्याशी बोलून ठरवते; शेजारणीच्या मुलाचं मी ठरवणार नाही. शिवाय असोसिएशनचे आकडे वेगळंच सांगतात. २०२४मध्ये शाळा आणि वाचनालयं मिळून पुस्तकं हटवण्याचे ८२१ प्रयत्न नोंदले गेले, २,४५२ पुस्तकांवर. त्यांतले पालकांचे जेमतेम १६ टक्के. ७२ टक्के होते दबावगट, लोकप्रतिनिधी आणि मंडळांवरच्या मंडळींचे.

मिशिगनमधल्या जेम्सटाउनला तर पैशाची वाटच अडवली गेली. समलिंगी आणि ट्रान्स माणसांबद्दलची काही पुस्तकं हटवायला पॅटमॉस वाचनालयाने नकार दिला, तेव्हा २०२२मध्ये मतदारांनी दोनदा त्याचा कर नामंजूर केला. नोव्हेंबर २०२३मध्ये तो अखेर मंजूर झाला. तोवर वाचनालयावर बंद पडायची टांगती तलवार होती.

टेक्ससच्या लानो काउंटीत वाचकच कोर्टात गेले, सतरा पुस्तकं काढली म्हणून. मे २०२५मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की वाचनालयातून पुस्तक काढलं म्हणून वाचकाला दाद मागता येणार नाही; काही न्यायाधीशांच्या मते तर वाचनालयात काय ठेवायचं हा सरकारच्या स्वतःच्या अभिव्यक्तीचाच भाग आहे. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मला हा निकाल भयंकर वाटतो. कपाट सरकारचं ठरलं, तर सरकार बदललं की कपाटही बदलणार.

पुण्यात ५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकावरून भांडारकर संस्थेत जी मोडतोड झाली, ती आठवली की इथल्या त्या अर्जाची किंमत मला जास्त कळते. राग कितीही खरा असो, तो कागदावर मांडता येतो, त्याला उत्तर मिळतं आणि त्या काळात पुस्तकाला कुणी हात लावत नाही.

मात्र भीतीपोटी मुळात मागवलंच नाही, असं पुस्तक कुठल्याच आकडेवारीत येत नाही. ग्रंथपालाला नोकरी सांभाळायची असते, पुढचं भांडण टाळायचं असतं. यादीतून एक नाव गुपचूप गळतं. म्हणून मी दुसरा अर्ज भरत असते, ‘हे पुस्तक मागवा’ असं सांगणारा. आपल्या दलित आत्मकथनांची इंग्रजी भाषांतरं मी अशीच मागते. त्यांत भूक आहे, शिवीगाळ आहे, बायकांवरचे अत्याचार आहेत. एखादं पान सुटं काढून सभेत वाचलं, तर त्यांतलं एकही पुस्तक टिकणार नाही. म्हणूनच ‘पुस्तक पूर्ण वाचलंत का’ हा प्रश्न त्या अर्जात असलाच पाहिजे.