स्कूटरच्या निम्म्या पैशांतलं मँडोलिन

मंगळवार

मामेभावाने आज फोनवर पुन्हा तोच प्रश्न केला, "ताई, आता चांगलं मँडोलिन कधी घेतेस?" तो बँडमध्ये गिटार वाजवतो, त्यामुळे वाद्यांच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द आपला असं त्याने धरूनच ठेवलंय. चांगलं म्हणजे त्याच्या मते एफ होलवालं: व्हायोलिनला असतात तशा दोन चिरा, खांद्यावर लाकडाचं वेटोळं आणि किंमत ऐकून हात जोडावेत अशी. माझं साधं ए आकाराचं, म्हणजे वेटोळं नसलेलं, थेंबासारखं, मधोमध एकच लंबगोल भोक. ईस्टमन कंपनीचं एमडी ३०४. तबली (वाद्याची पुढची फळी) अख्ख्या स्प्रूस लाकडाची, पाठ आणि कडा मेपल लाकडाच्या, प्लायवूड कुठेही नाही. बाणेरचा एक मुलगा बंगळुरूला निघाला होता, सामान कमी करत होता. नव्या स्कूटरच्या निम्म्याहून कमी पैशांत पेटीसकट देऊन गेला.

मामेभावाला वाटतं, लंबगोल भोक ही पहिली पायरी आणि एफ होल ही पुढची. मला हे अजिबात पटत नाही, आणि फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहून काढते.

गिब्सन कंपनीच्या मँडोलिनांना सुरुवातीपासून गोल किंवा लंबगोल भोकच असायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गावोगावी मँडोलिनचे वाद्यवृंद निघाले, ते याच वाद्यांवर. मग १९२२ मध्ये गिब्सनच्याच लॉइड लोअरने एफ-५ नावाचं मँडोलिन आणलं आणि त्याला व्हायोलिनसारख्या चिरा आल्या. गंमत म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर होत्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली. पुढे १९४० च्या दशकात त्याच जातीचं एक मँडोलिन अमेरिकन वादक-गायक बिल मनरोच्या हाती लागलं, तो ते ब्लूग्रासमध्ये, म्हणजे तिकडच्या जलद चालीच्या लोकसंगीतात, वाजवायला लागला, आणि खरं मँडोलिन असंच दिसतं अशी पुढच्या पिढ्यांची समजूत झाली. ब्लूग्रासमध्ये ढोलकी-तबल्यासारखं काही नसतं. ठेका धरायचा तो मँडोलिननेच, तारा छेडून लगेच दाबून. बँजो आणि फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) गलक्यातून तो आवाज बाहेर यायला हवा, म्हणून एफ होलचा कोरडा, टोकदार, पुढे फेकलेला नाद तिथे कामाचा.

माझ्या कर्वेनगरच्या दोन खोल्यांत बँजो नाही. मी वाजवते भावगीतं, तीही रात्री नऊनंतर, खिडक्या लावून. लंबगोल भोकाचा आवाज गोल असतो, खर्जाच्या तारा भरून बोलतात, आणि तार सोडल्यावर स्वर जरा रेंगाळतो. मला हवंय ते एवढंच. दोन लाखांचं एफ-५ कुणी फुकट दिलं तरी (देणार कोण!) विलंबित ओळींसाठी मी हेच उचलेन.

बुधवार

वाजवलं नाही. गॅस संपला, भरलेली टाकी यायला रात्र झाली.

गुरुवार

झड लागली आहे. पावसाळ्यात हे वाद्य वेगळ्याच स्वभावाचं होतं. अख्ख्या लाकडाची तबली दमट हवेत फुगते, घोडी (तबलीवरची, तारा पेलणारी लाकडी पट्टी) वर उचलली जाते आणि वरच्या पडद्यांवर तार दाबायला बोटं दुखतात. प्लायवूडच्या स्वस्त मँडोलिनला हा त्रास कमी. चांगल्या लाकडाचं हे भाडं म्हणायचं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. एप्रिलमध्ये याच्या नेमकं उलट, पुण्याची दुपार इतकी कोरडी की साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून पेटीत ठेवावा लागतो.

आज घोडी खाली घेतली. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. त्यामुळे सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, नाहीतर घोडी निखळते आणि तिची जागा पुन्हा शोधत बसावं लागतं. उंचीसाठी दोन बाजूंना पितळी चकत्या असतात, त्या नखाने फिरतात. आधी तारा ढिल्या करायच्या, मग पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून बघायचं. जागा ठरवायची ती कानाने. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडायचं, मग तिथेच दाबून छेडायचं. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी केसभर मागे, तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या बाजूला. उतरा आला तर पुढे. हा केसभर खरोखरच केसाइतका असतो. मी चष्मा वर करून, जीभ दातांत धरून तासभर तेच करत होते. आईने दारातून बघितलं आणि काही न बोलता चहा ठेवून गेली.

तारा लाइट संचातल्या लावल्या, ०.०१० ते ०.०३८ इंचांच्या. दुकानदार जाडच द्यायला बघतो, "आवाज येईल मॅडम" म्हणून. आवाज येतो, पण माझ्या करंगळीला त्या झेपत नाहीत आणि या वाद्याचा गोडवाही दबतो असं माझं मत.

खरा वैताग आठ खुंट्यांचा. तारांच्या चार जोड्या, आणि जोडीतल्या दोघी एकमेकींशी किंचितही भांडल्या की लगेच लाटा ऐकू येतात, वां-वां-वां. सूर जुळवायच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला तरी शेवट कानानेच.

रविवार

सकाळी भूप राग. मँडोलिन व्हायोलिनसारखंच जी-डी-ए-ई लावतात, दर जोडी पुढच्या जोडीपासून पंचमाच्या अंतरावर. डी ला षड्ज मानला की ए म्हणजे पंचम आयता मिळतो: सा मोकळ्या तारेवर, रे दुसऱ्या पडद्यावर, ग चौथ्यावर, प पुढच्या मोकळ्या तारेवर, ध तिच्या दुसऱ्यावर, तार सा पाचव्यावर. करंगळी सोडून बाकीची बोटं सुखात.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र नाही म्हणजे नाही. जोडतार ताठ, खाली पडदे. खेचून जेमतेम अर्धा स्वर निघतो, तोही कुरकुरत. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं, ते का हे अशा वेळी बोटांना कळतं. आणि संगीतकार सज्जाद हुसेन जोडतारांवर राग वाजवायचे, हे आठवलं की वाद्य खाली ठेवून नुसतं बसावंसं वाटतं. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांतही आधी मँडोलिनवादकच.

मींड नाही त्याची भरपाई ट्रेमोलोची. एकच स्वर पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) भराभर वर-खाली छेडत लांबवायचा. आधी मी गिटारचं पातळ पिक वापरायचे, त्याचा टकटक आवाज स्वरापेक्षा मोठा. आता जाड पिकचा गोल कोपरा लावते, टकटक गेली. लंबगोल भोकाचा फायदाही इथेच कळतो. स्वर आपोआप थोडा टिकतो, म्हणून ट्रेमोलो लगेच सुरू करावा लागत नाही; आधी एकच ठोका, तो घुमू द्यायचा, आणि विरायला लागला की हळूच हात हलवायचा. गाणारा स्वर लावून मग त्याला कंप देतो ना, जवळजवळ तसं. प्रत्येक स्वरावर पहिल्यापासून थरथराट केला की गाण्याचं जुन्या सिनेमातलं चांदणं होतं. आई म्हणाली, "आज कसं शब्द ऐकू आल्यासारखं वाटलं." आईकडून एवढं म्हणजे फार झालं.

दुपारी भाची आली. ती कॅम्पात पाश्चात्त्य व्हायोलिन शिकते. आपल्याकडचे वादक व्हायोलिन सा-प-सा-प लावतात, त्यांना इथे बोटं नव्याने शिकावी लागली असती. तिची मात्र जी-डी-ए-ई चीच सवय. मांडीवर घेतलं आणि पाच मिनिटांत तिच्या परीक्षेचा तुकडा निघाला. "मावशी, इथे पडदे आहेत, बेसूर होताच येत नाही!" होता येतं, पण तिला इतक्यात सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी घरी न्यायचं म्हणते. लाखांचं असतं तर मी शंभर कारणं सांगितली असती. आता एवढंच बजावलंय: रिक्षात पेटी मांडीवर धरायची, खुंट्यांना उगाच हात लावायचा नाही, आणि पिक हरवलं तर नवं तिने आणायचं.