मावळा तटापेक्षा उंच

किल्ले बांधणी स्पर्धेचा निकाल लागला की कानावर येणारा पहिला शब्द म्हणजे 'वशिला'. तो सगळ्यात मोठ्याने दुसऱ्या नंबरवाल्यांकडून येतो. तिसऱ्या नंबरला सहसा आनंदच झालेला असतो. मग परीक्षक कोणाचे कोण लागतात याचा शोध सुरू होतो. आपल्याकडे तो शोध लावणं अवघड नसतं, कारण दोन पेठा ओलांडल्या की कोणीही कोणाचा तरी मावसमेहुणा निघतोच. कधीकधी त्यात तथ्यही असतं. पण दिवाळीतल्या या स्पर्धांमधले बहुतेक अन्याय सरळ मनाच्या, बाजू न घेणाऱ्या परीक्षकांच्या हातून होतात. त्या अन्यायांची सोय स्पर्धेचा अर्ज छापला जातो त्याच दिवशी झालेली असते.

अर्जावर 'किल्ला' एवढंच असतं. एका गल्लीत राजगडाची प्रतिकृती असते, तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. पुढच्या गल्लीत काल्पनिक किल्ला असतो. त्याला धबधबा, बोगदा, बोगद्यातून जाणारी आगगाडी आणि वर विमानतळ. तिसरीकडे बाजारातून आणलेला प्लास्टरचा तयार किल्ला असतो आणि भोवती माती पसरलेली असते. तिघांना एकाच तक्त्यात गुण द्यायचे. प्रतिकृती करणारा नकाशाशी बांधलेला असतो, त्याला चूक करायला जागाच जागा. काल्पनिकवाल्याची चूक काढणार कशाच्या आधारावर? तेव्हा प्रतिकृती आणि काल्पनिक असे दोन गट हवेत, आणि तयार किल्ला पाहुणा म्हणून मांडावा, स्पर्धेत नको. एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

खरी गंमत प्रमाणात आहे. बाजारात मिळणारा मावळा साधारण तीन इंच उंचीचा. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांचा झाला म्हणजे प्रमाण १:२२. आता सिंधुदुर्ग घ्या. त्याचा तट सुमारे ३० फूट उंच आणि घेर सुमारे ३ किलोमीटर. १:२२ ने तट सव्वासोळा इंचांचा होईल आणि घेर १३६ मीटरचा. म्हणजे अख्खी सोसायटी समुद्रात घालावी लागेल. पार्किंगच्या कोपऱ्यात, पाच बाय पाच फुटांत, हाच किल्ला बसवायचा तर प्रमाण १:५०० च्या आसपास येतं. तिथे तट पाऊण इंचाचा आणि माणूस तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढा. अशा किल्ल्यावर तीन इंची मावळा उभा केला की तो हिशेबाने सव्वाशे फूट उंच होतो. अशी फौज असती तर तट बांधायचं कारणच नव्हतं.

किल्ल्यावर चित्रं, म्हणजे मातीच्या छोट्या मूर्ती, मांडायची पद्धत मात्र जुनी आहे आणि ती मोडावी असं कोणी म्हणणार नाही. महाराज सिंहासनावर हवेतच, गवळणही हवी, पायथ्याशी भाजीवाली आणि वाघही हवा. प्रश्न गुणांचा आहे. चित्रं प्रमाणाच्या हिशेबात धरायची की नाहीत, हे आधी लिहून द्यायला हवं. ते न लिहिल्यामुळे दरवर्षी एकच गोष्ट घडते. एखादा मुलगा काडेपेटीच्या काड्या तासून प्रमाणात पहारेकरी करतो आणि परीक्षक त्याच्या गुणपत्रकावर 'सजावट कमी' असा शेरा मारतात. शेजारी पन्नास रंगीत मावळे विकत आणून ओळीत उभे केलेले असतात, त्यांना 'भव्य' मिळतं. ते गुण खरं तर कुंभाराचे. विकत आणलेल्या वस्तूला शून्य गुण आणि तिच्या मांडणीला फार तर पाच, असा नियम कागदावर असला की पालकांचा खिसाही वाचतो.

परीक्षकाला किल्ला कळत नसेल तर काय होतं, ते दरवाजावर दिसतं. रायगडाचा महादरवाजा समोरून सरळ दिसत नाही. दोन बुरुज पुढे येऊन त्याला कुशीत घेतात, वाट वळून आत जाते, आणि वळणावर शत्रूला हत्तीची किंवा ओंडक्याची धडक द्यायला धाव मिळत नाही. ही गोमुखी रचना शिवकालीन दुर्गबांधणीची मोठी खूण. आता ज्या मुलांनी पुस्तक पाहून दरवाजा असा दडवला, त्यांच्या किल्ल्यासमोर उभं राहून परीक्षक विचारतात, "अरे, दरवाजा कुठाय?" आणि दोन गुण जातात. शेजारच्या किल्ल्याला बरोबर मध्यावर, रस्त्याकडे तोंड करून, पुठ्ठ्याचा कमानदार दरवाजा असतो आणि वर झेंडूचं तोरण. त्याला पैकीच्या पैकी. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी हुबेहूब केली तर 'भिंत चुकून दोनदा झाली' असंही वाटू शकतं. म्हणून प्रतिकृतीच्या गटात प्रत्येक किल्ल्यापुढे त्याचा नकाशा ठेवायला लावावा. परीक्षकाने समोरच्या किल्ल्याची तुलना त्या कागदाशी करावी, मनातल्या किल्ल्याशी नव्हे. तसेही दरवर्षी तेच दहा-बारा गड येतात; २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतले महाराष्ट्रातले अकरा वाचून आलं तरी परीक्षकाची बरीच तयारी होते.

नकाशासोबत साल लिहायला लावणंही तितकंच गरजेचं. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा शामियाना आणि वर महाराजांचा अश्वारूढ पुतळा, असं दृश्य दर दिवाळीत दिसतं. भेट १६५९ ची, पुतळा १९५७ चा. रायगडावर राज्याभिषेकाचा दरबार भरलेला असतो आणि जगदीश्वराच्या मंदिराबाहेर समाधीही असते. राज्याभिषेक १६७४ चा, महाराज गेले १६८० साली. 'आजचा गड' म्हणून मांडला तर पुतळा आणि समाधी दोन्ही बरोबर, फक्त मग पायथ्याशी खान नको आणि वर दरबार नको. पाटीवर साल नसेल तर यावर गुण कापणं अन्यायाचं, आणि न कापणं साल नीट पाळणाऱ्यावर अन्यायाचं.

प्लास्टिकची विमानं आणि रणगाडे जोडणाऱ्यांनी हा घोळ आधीच पाहिला आहे. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएमएस (इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी), ब्रिटनमध्ये १९६३ साली सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. तिच्या अमेरिकी शाखेच्या स्पर्धेत परीक्षक आधी बांधणी बघतात: जोड दिसतो का, पंख एका रेषेत आहेत का, डिंकाचा डाग आहे का. इतिहासाची अचूकता मागे ठेवलेली असते, कारण प्रत्येक विमानाचा प्रत्येक खिळा माहीत असलेला परीक्षक मिळत नाही. आपल्याकडे दोन्ही जमू शकतं, पण क्रम तोच असावा. आधी माती बघा, मग इतिहास.

आणि माती बघायची तर कोणत्या दिवशी बघता, यालाही महत्त्व आहे. विटा-दगडांवर गोणपाट टाकून त्यावर चिखल थापायची जी नेहमीची रीत आहे, तिच्यात नुसती चिकण माती वापरली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भेगा पडतात, कारण पाणी उडालं की माती आकसते. गाळलेल्या मातीत तिसरा हिस्सा वाळू आणि मूठभर भुसा मिसळला, थर बोटाच्या जाडीपेक्षा कमी ठेवला आणि गोणपाट आधी पातळ चिखलात भिजवून घेतलं, तर भेगा बऱ्याच कमी होतात. मात्र परीक्षक वसुबारसेला आले तर भेगा कोणाच्याच दिसत नाहीत, आणि भाऊबीजेला आले तर मध्येच पडलेल्या परतीच्या पावसाचाही हिशेब आपोआप होतो. किल्ल्यावर पेरलेल्या हळिवाचंही तसंच. चार-पाच दिवसांत ते सुंदर हिरवं असतं, आठव्या दिवशी लोळतं. त्यामुळे परीक्षणाची तारीख अर्जावरच छापावी आणि सगळे किल्ले एकाच दिवशी, दिवसाउजेडी बघावेत. अर्धे दुपारी आणि अर्धे दिव्यांच्या माळांत बघितले तर दुसऱ्या अर्ध्यांना फुकटचे तीन-चार गुण मिळतात. रात्री पणत्यांच्या उजेडात भेग दिसत नाही, पोवाडा मात्र ऐकू येतो. रात्रीच बघायची वेळ आली तर टॉर्च आडवा धरावा, पृष्ठभागाला लागून. समोरून मारलेला प्रकाश सगळं सपाट करतो.

मोठ्यांची मदत हा नाजूक विषय. बारा वर्षांखालच्या गटात बांधकामातल्या सळया वाकवून केलेला सांगाडा दिसला की सगळ्यांना कळतं, बोलत कोणी नाही. उपाय साधा आहे: मुलांना एकेकटं विचारावं, या बुरुजाच्या आत काय भरलंय? ज्याने भरलं तो लगेच सांगतो, वर्तमानपत्राचे बोळे, डबा, फुटकी कुंडी. ज्याने भरलं नाही तो वडिलांकडे बघतो. आणि खुला गट वेगळा ठेवला की वडिलांनाही उजळ माथ्याने चिखलात हात घालता येतो.

आता बेरीज. तीन परीक्षक, दहापैकी गुण. पहिल्या दोघांनी एका किल्ल्याला आठ-आठ दिले, दुसऱ्याला सात-सात. तिसऱ्याने उलट, तीन आणि नऊ. बेरीज १९ विरुद्ध २३. तिघांपैकी दोघांना पहिला किल्ला सरस वाटला आणि जिंकला दुसरा. तिसऱ्या परीक्षकाने काही गैर केलं नाही, तो फक्त सढळ हाताने वर-खाली जातो. पण ज्याची पट्टी लांब, त्याचाच निकाल लागतो. गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाने लावलेले क्रमांक जोडले तर पहिल्याचे चार आणि दुसऱ्याचे पाच होतात, आणि क्रमांकांची बेरीज ज्याची कमी तो पुढे. किल्ले वीसच्या आत असतील तर ही रीत सोपी आणि भांडणाला कमी जागा देणारी. त्याहून जास्त असतील तर गुणच द्यावेत, पण पहिले तीन किल्ले नुसते बघून घ्यावेत आणि त्यांचे गुण फेरीच्या शेवटी परत येऊन लिहावेत. सुरुवातीला सगळेच परीक्षक हात राखून असतात आणि पंधराव्या किल्ल्यापर्यंत पायही दुखतात आणि चकल्याही बऱ्याच झालेल्या असतात. परीक्षकाच्या स्वतःच्या सोसायटीचा किल्ला आला तर त्याने त्या एका किल्ल्यापुरतं बाजूला व्हावं आणि उरलेल्या दोघांची सरासरी तिसरा आकडा म्हणून धरावी. ते आधी जाहीर केलं की मावसमेहुण्याचा शोध घेण्याची गरज पडत नाही.

'एकूण परिणाम' हा रकाना मात्र तक्त्यातून काढून टाकावा. त्यात जे आवडलं त्याला पुन्हा एकदा गुण मिळतात, एवढंच.

बक्षीस समारंभ बहुतेक ठिकाणी तुळशीच्या लग्नानंतर, पाहुण्यांच्या सोयीने होतो. तोवर किल्ले मोडलेले असतात, माती कुंड्यांत परत गेलेली असते, मावळे खोक्यात. तेव्हा स्टेजवरून कोणी 'तट कच्चा होता' म्हटलं तरी दाखवणार काय? म्हणून परीक्षणाच्या दिवशीच प्रत्येक किल्ल्याचे चार बाजूंनी आणि वरून एक असे पाच फोटो काढावेत. गुणपत्रकाची प्रत त्याच संध्याकाळी मुलांच्या हातात द्यावी, रकान्यानिहाय आकडे आणि प्रत्येक कापलेल्या गुणापुढे दोन शब्द: 'पायऱ्या उतारावर तिरक्या', 'बुरुज तटाला चिकटलेला नाही'. मुलं ते वाचून आधी परीक्षकांना नावं ठेवतात आणि मग खाली जाऊन बुरुज हलवून बघतात.